गणितासाठी दहा किलो मीठ

माझ्या घरमालकांनी इमारतीच्या पाण्याच्या टाकीत दहा किलो खडेमीठ टाकलं, त्याला कारण मी होते. पण त्यापुढे खरं काय झालं, ते मी आजवर गुरुजींना सांगितलेलं नाही. गुरुजी म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंच्या पूजा सांगायचे आणि उरलेल्या वेळात सोसायटी चालवायचे. दोन्हीकडे त्यांचा आवाज सारखाच लागायचा.

मी नामपूरची. घरी कांद्याची शेती. इंजिनिअरिंगसाठी नाशकात आले, तेव्हा मामानं गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका तीन मजली इमारतीत मला खोली बघून दिली. काका-काकूंच्या फ्लॅटमधली मागची खोली. घरमालक म्हणायचं ते आपलं तोंडदेखलं, कारण काका स्वतःच भाडेकरू होते. फ्लॅटचा खरा मालक दुबईत होता. काका ओझरच्या विमान कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या खात्यात होते. म्हणजे पोलादाचे तुकडे भट्टीत लाल करायचे, तेलात बुडवायचे आणि ते किती वेळात किती थंड होतायत यावर नजर ठेवायची. निवृत्त झाल्यावर पोलाद सुटलं, नजर मात्र सुटली नाही.

पहिल्याच दिवशी काकूंनी मला चहा दिला. मी कप उचलला तर काका ओरडले, "थांब!" त्यांनी शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढला, माझ्या चहात बुडवला, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून चार मिनिटं." मी काकूंकडे बघितलं. त्या कांदा चिरत म्हणाल्या, "पी तू. माझा चहा चौतीस वर्षं असाच थंड होतोय."

काकांना मी 'सर' म्हटलेलं चालायचं नाही. "सर असायला डिग्री लागते. मी गणित भट्टीपाशी उभं राहून शिकलोय," म्हणायचे. कारखान्यातल्या कुठल्या तरी इंजिनिअरनं त्यांना थंड होण्याचं समीकरण कागदावर लिहून दिलं होतं. ते समजून घ्यायला त्यांनी रद्दीतून पुस्तकं आणली, आणि समजल्यावर थांबायचं मात्र राहून गेलं. वयाच्या पासष्टाव्या वर्षीही सकाळी आंघोळीआधी एक समीकरण सोडवायचे. तेसुद्धा बाथरूमच्या टाइल्सवर, मार्करनं. टाइल्स गुळगुळीत, लिहायला छान, पुसायला सोपं, असं त्यांचं म्हणणं. पुसायला मात्र ते विसरायचे. मग आम्ही दोघी त्या अर्धवट समीकरणासमोर अंगावर पाणी ओतून घ्यायचो. एकदा माझ्या हातून साबणाच्या फेसानं एक ओळ पुसली गेली, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

लिहिताना डोळ्यांवर कारखान्यातला जाड गॉगल लावायचे. मी विचारलं, "काका, मार्करचं काही उडतं का?" तर म्हणाले, "सवय आहे. काय उडेल ते आधी कुठे माहीत असतं?"

त्यांच्याशी साधं बोलणंही अवघड होतं. काकू म्हणायच्या, "अहो, गॅस संपला." लगेच आतून प्रश्न यायचा, "संपला की संपतोय? दोन्ही वेगळं आहे." खाली भाजीवाली मावशी मखमलाबादहून टोपली घेऊन यायची. "मेथी ताजी हाय का?" असं तिला कुणी विचारलं की काका गॅलरीतून म्हणायचे, "ताजी आहे हे सांगू नका, किती वेगानं सुकतेय ते सांगा." ती मावशी वर बघून म्हणायची, "बाबा, तुमी आत जा. ऊन लय हाय."

आता माझं. पहिल्या वर्षाचा एम-टू नावाचा गणिताचा पेपर माझा तीनदा राहिला. तो सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. तिसरा निकाल लागला त्या दिवशी बाबांचा फोन आला. बाबा फोनवर फार बोलत नाहीत. म्हणाले, "आईतवारी येतो मी. सामान भरी ठेव. बस्स झालं." आणि ठेवला. आईतवार म्हणजे आमच्याकडे रविवार.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. काकूंनी पाणी दिलं. काकांनी माझी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागितली. गॉगल लावून ती वाचली आणि म्हणाले, "तुला सूत्र पाठ आहे. इंटिग्रेटिंग फॅक्टर बरोबर काढतेस. पण शब्दातलं गणित आलं की तू कोरी पानं सोडतेस. टाकीचं गणित तीनही वेळा सोडलंयस. का?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. तरी मी म्हणाले, "काका, एका टाकीत अमुक लिटर पाणी, त्यात इतकं मीठ, इकडून इतकं पाणी येतं, तिकडून इतकं जातं. मला ती टाकी दिसतच नाही."

काका मग उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले.

कोपऱ्यावरच्या वाण्यानं नंतर सगळ्यांना सांगितलं ते असं. काकांनी दहा किलो खडेमीठ मागितलं. त्यानं विचारलं, "लोणचं घालताय का काका?" काका म्हणाले, "नाही. गणित."

काकूंनी त्यांना मिठाची पिशवी खांद्यावर घेऊन गच्चीकडे जाताना दारातून बघितलं. त्या शांतपणे आत आल्या आणि घरात होते नव्हते ते सगळे हंडे, कळशा, पातेली, बादल्या नळाखाली लावून भरून घेतल्या. मी विचारलं, "काकू, हे काय?" तर म्हणाल्या, "माहीत नाही. पण काहीतरी आहे."

पाच मिनिटांनी गच्चीवरून काकांची हाक आली. मी वर गेले. काका टाकीत बांबू घालून ढवळत होते. घामाघूम झालेले, पण चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधीच बघितला नव्हता. "ये," ते म्हणाले. "ही तुझी टाकी. पाच हजार लिटर. यात दहा किलो मीठ. आता दिसली?"

दिसली. आणि हेच पाणी खाली सगळ्यांच्या नळाला जातं, हेही दिसलं.

तो मंगळवार होता. बुधवारी सकाळी तळमजल्यावरून गुरुजींचा आवाज आला, तो थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. त्यांच्याकडे अभिषेक होता. "पंचामृत खारट! अरे, देवाला आयुष्यात असलं काही दिलं नाही मी!" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आमटीत मीठच घातलं नव्हतं तरी घरातले ओरडले. कुणाच्या तरी दाढीनंतर गाल चुरचुरले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मिटिंग भरली. काका स्वतःहून उभे राहिले. "मीठ मी टाकलंय," म्हणाले. "या मुलीला एक गणित समजत नव्हतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कुणाच्या तरी स्कूटरच्या आरशात बघत राहिले.

गुरुजी म्हणाले, "टाकी आत्ता रिकामी करा आणि धुवा."

"वैशाखात पाच हजार लिटर पाणी गटारात सोडायचं?" काका म्हणाले. "आणि कशासाठी? ते आपोआप गोड होणार आहे. रोज आपण खारं पाणी वापरतो, वरून सकाळी नळाचं गोडं येतं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पाणी पहिल्यासारखं होईल. मी हिशोब केलाय."

पाणी वाया घालवायचं म्हटल्यावर बाकीचे कचरले. गुरुजींनी बोट उगारलं. "शुक्रवार पाच. नाही झालं तर मी दुबईला मेसेज टाकतो. मग घर तुम्ही सोडायचं."

त्या रात्री जेवताना काकू एवढंच म्हणाल्या, "या वयात सामान हलवायचं म्हणजे माझी कंबर राहील का?" काका पोळीचा तुकडा हातात धरून बसले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तेही घाबरू शकतात.

शुक्रवारी पाच वाजता गुरुजींनी नळाचं पाणी तोंडात घेतलं आणि काकांच्या समोर थुंकलं. खारटच होतं.

आणि काका? काका टाळ्या वाजवायला लागले. "चुकलं! माझं चुकलं! कुठे चुकलं बघा!" ते जिन्यानं वर-खाली पळत प्रत्येक दार वाजवत होते. दर घरात एकच प्रश्न, "या तीन दिवसांत पाणी किती वापरलंत?" आणि दर घरात एकच उत्तर. कुणी फारसं वापरलंच नव्हतं. खारट पाणी कोण वापरणार? लोकांनी जार मागवले होते. कुणी बहिणीकडे जाऊन आंघोळ करून येत होतं. पाणी बाहेर गेलंच नाही, तर मीठ कसं जाणार?

काका धापा टाकत माझ्या खोलीत आले. "पुस्तकातल्या टाकीला माणसं नसतात, हा घोटाळा आहे. तिथे पाणी एका वेगानं जातं. इथे माणसं घाबरली की वेग बदलतो, पातळी बदलते. म्हणजे समीकरणातला P हा ठरलेला आकडा नाही, P वेळेबरोबर हलतोय. आणि दुपारी बोअरची मोटर लागते, तिच्या पाण्यात थोडे क्षार आहेतच, ते समीकरणाच्या उजव्या बाजूला. कळलं? आता खरं इंटिग्रेटिंग फॅक्टरचं गणित झालं!"

"काका, गुरुजी मेसेज टाकणारेत."

"हो," ते म्हणाले, आणि खाली बसले. मग म्हणाले, "माझ्यावर त्यांचा विश्वास उडालाय. आता उत्तर तू काढ."

मग काकूच खाली गेल्या. गुरुजींशी काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण सोबत गोड्या पाण्याच्या दोन कळशा घेऊन गेल्या होत्या. गुरुजींनी रविवारपर्यंत मुदत दिली.

शनिवारचा दिवस मी विसरणार नाही. पाणी वापरल्याशिवाय टाकी गोड होणार नाही हे एकदा कळल्यावर सगळी इमारत कामाला लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी घरातले सगळे पडदे धुतले, मग शेजारच्यांचे मागून आणले. स्कूटर धुतल्या, जिने धुतले, गुरुजींनी कोठीतली तांब्या-पितळेची भांडी काढून घासली. जिन्यात मी एक कागद लावला होता, ज्यानं जितकं पाणी वापरलं त्यानं वेळेसकट लिहायचं. 'पडदे, आठ बादल्या, साडेनऊ.' 'पाहुणे आले, तीन आंघोळी.' एकानं नुसतंच लिहिलं होतं, 'मला दोनदा आंघोळ करायला लावली.' गुरुजी म्हणाले होते की ते असल्या पोरखेळात पडणार नाहीत. दुपारी कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात ओळ होती, 'सोवळ्याचे पाणी, चार तांबे. संध्या, एक पंचपात्र.'

दर तासाला मी गच्चीवर जाऊन काठीनं पातळी मोजत होते. उन्हानं डोकं तापलं होतं, पण मजा येत होती. मीठ किती वेगानं कमी होतंय, ते टाकीत किती मीठ आहे त्यावर. त्याच्या शेजारी P, म्हणजे जाणारं पाणी भागिले टाकीतलं पाणी. उजवीकडे बोअर. डावीकडची ती दोन पदं आहेत तशी इंटिग्रेट होत नाहीत, हे मी तीनही परीक्षांना नुसतं पाठ केलं होतं. आता बघत होते की का होत नाहीत. मग सगळ्या ओळीला एका फलनानं गुणायचं, हाच तो इंटिग्रेटिंग फॅक्टर, म्हणजे e चा P च्या इंटिग्रलइतका घात, की ती दोन्ही पदं मिळून एकाच गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह होतात. गुणलं. झाली. मी गच्चीवर एकटीच ओरडले, "झाली!" समोरच्या इमारतीत पापड वाळत घालणाऱ्या आजींनी मान वर केली.

माझं उत्तर आलं: रविवार, संध्याकाळी चार.

काकांनी वही बघितली. पानं उलटली. एरवी एक चिन्ह चुकलं तरी जिन्यातून परत बोलावणारा माणूस, त्या दिवशी फक्त "हं" म्हणाला.

रविवारी पावणेचारला सगळी इमारत गच्चीवर. गुरुजी सोवळं नेसून आले होते, का ते कुणी विचारलं नाही. आता प्रश्न निघाला की चाखणार कोण. पाच दिवस खारट चाखून आमच्यातल्या कुणाच्या जिभेचा भरवसा नव्हता. गुरुजी म्हणाले, "बाहेरचा माणूस पाहिजे. ज्याला यातलं काही माहीत नाही असा."

नेमके त्याच वेळी जिन्यात खोकल्याचा आवाज झाला आणि डोक्यावर कांद्याची गोणी, काखेत माझ्या पुस्तकांसाठी आणलेली रिकामी पिशवी, असे बाबा गच्चीच्या दारात उभे राहिले. खाली सगळी दारं बंद, म्हणून आवाजाच्या दिशेनं वर आले होते. इमारतीत ते पहिल्यांदाच येत होते.

"हे बघा!" गुरुजी म्हणाले. "या, पाहुणे, या. कुठून आलात?"

"नामपूर."

"विहिरीचं पाणी पिणारा माणूस. याहून चांगली जीभ कुठे मिळणार?"

मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्या पायावर पाय ठेवला, जोरात. बाबांना त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं होतं.

बाबांनी गोणी उतरवली. त्यांच्या हातात पेला आला. "काय शे हाई?" त्यांनी विचारलं.

"पाणी आहे. प्या आणि सांगा, खारं की गोड."

बाबांनी पेला तोंडाला लावला. पाणी तोंडात घोळवलं. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.  बाबांनी गिळलं.

"गोड शे," ते म्हणाले.

गच्चीवर जो आरडाओरडा झाला तो गल्लीतल्या लोकांना क्रिकेटचा वाटला. मग सगळ्यांनी पेले भरले, सगळे प्याले, आणि सगळ्यांना ते गोडच लागलं. गुरुजींनी डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाले, "अमृत!" वहिनी टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी मला उचलायचा प्रयत्न केला.

बाबा मध्येच उभे. "पन झालं काय?"

काका पुढे झाले, गॉगल कपाळावर सरकवला. "आज चार वाजता पाणी गोड होणार हे या मुलीनं काल सांगितलं होतं. गणितानं."

"हाई मनी पोर शे," बाबा म्हणाले.

बाहेरचा माणूस माझाच बाप निघाल्यावर गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण अमृत म्हणून झालेलं होतं. ते मागे कसं घेणार?

बाबा त्या दिवशी जेवले, काकूंना कांदे कसे साठवायचे ते सांगितलं, आणि सातच्या एसटीनं एकटेच परत गेले. जाताना रिकामी पिशवी माझ्या पलंगावर ठेवली. "परीक्षा कधी शे?" एवढंच विचारलं.

परीक्षा झाली. टाकीचं गणित होतं. मी सुटले.

निकालाच्या आठवड्यात घरी गेले तेव्हा बाबा कांद्याच्या चाळीत होते. मी पाया पडले. ते हसले आणि मग जरा इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुले एक सांगू का? त्या दिवशी पानी खारंच व्हतं. थोडंसं. पन तुनं तोंड पाहिलं मी. म्हटलं, पोरीले गोड पाहिजे शे."

हे ऐकल्यावर मला राहवेना. नाशकात परत आले, पेढे घेतले, आणि काकांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं आता चिडतील. त्यांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"सतराव्या ओळीत तू अधिकच्या जागी उणे केलंयस. खरं उत्तर सव्वासहा. शनिवारीच दिसलं मला. रविवारी सव्वासहाला मी परत गच्चीवर गेलो होतो, एकटा. तेव्हा झालं गोड."

मी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. या माणसानं माझं एक चिन्हही कधी सोडलं नव्हतं! "मग बोलला का नाहीत काका? घर गेलं असतं तुमचं!"

काकांनी मान खाली घातली. पहिल्यांदाच मला ते शाळेतल्या मुलासारखे दिसले. "बोलणारच होतो," ते म्हणाले. "चारला पाणी खारट निघालं असतं तर सगळ्यांना सांगणार होतो, सव्वासहापर्यंत थांबा. पण तुझ्या वडिलांनी गोड म्हटलं, आणि मग सगळे... अगं, एका गणिताच्या उत्तराला इतकी माणसं टाळ्या वाजवताना मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यात मधे कसं बोलायचं?"

आतून काकू म्हणाल्या, "बोलला असतात तर मी तुमच्याही पायावर पाय दिला असता."

काकांनी कपाटातून माझी ती वही काढली. जपून ठेवली होती. सतराव्या ओळीपाशी बोट ठेवून ती माझ्यापुढे सरकवली, पेन दिलं.

"पण आता दुरुस्त कर," म्हणाले.

मी केली. सव्वासहाच आलं.